तुझी कादंबरी गळतेय, लायल!

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप करायला बसलो, दोनदा उठलो. वॉरनबिल एवढंसं गाव आहे. इथं प्रत्येक फ्रीझरला एक मालक आहे आणि प्रत्येक मालकाला माझं घर माहीत आहे. पण गावात या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या फिरताहेत त्यातल्या एकीत लायल प्रुएटला अटक झालीय आणि दुसरीत तो काउन्सिलचा मोठा साहेब झालाय. म्हटलं, खरं काय ते कुणीतरी सांगून टाकावं. लायललाच विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त मला जरा उंच कर."

तर लायल उंच आहे. पुढं जाऊ.

लायल वॉरनबिल काउन्सिलात घरपट्टीच्या टेबलावर बसतो. वय सत्तावीस. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. शनिवारी फुटबॉलच्या दुसऱ्या टीममध्ये असतो, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर असतो, पण कपडे घालून तयार असतो. थोडक्यात अब्रूदार माणूस. आणि या अब्रूदार माणसाला एक व्यसन होतं. तो किशोरांच्या कादंबऱ्या वाचायचा.

म्हणजे कुठल्या, ते तुमच्या लक्षात आलं असेल. कव्हरवर एक मुलगी असते. तिच्या हातात तलवार असते किंवा पत्र असतं. मागं चंद्र असतो. चंद्र नसला तर आग असते.

मोठ्यांच्या कादंबऱ्या लायलनं वाचून पाहिल्या होत्या, अगदी प्रामाणिकपणे. एकीत एक प्राध्यापक पहिलं प्रकरणभर तळ्याकडे बघतो. दुसऱ्या प्रकरणात त्याची बायको त्याच्याकडे बघते. तिसऱ्यात लायल घड्याळाकडे बघायला लागला. किशोरांच्या कादंबरीत असलं नसतं. तिथं तिसऱ्या पानाच्या आत कुणीतरी घर सोडतं, शहर बुडतं, नाहीतर नायिकेला कळतं की आपली आई आपली आई नाही. त्या पोरांना वेळ नसतो. त्यांना सोमवारी शाळा असते.

वॉरनबिलची लायब्ररी जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. आठवड्यातून दोन दुपारी उघडते. जिथं तिजोरी होती तिथं खुनाच्या कादंबऱ्या आहेत, जिथं मॅनेजर बसायचा तिथं बागकाम आहे, आणि किशोरांचं कपाट बाथरूमच्या दाराशेजारी आहे. लायल तिथं उभ्यानं वाचायचा. कुणी आलं तर बाथरूमच्या रांगेत असल्यासारखा चेहरा करायचा. गावात बरेच दिवस असा समज होता की लायलला पोटाचा काहीतरी त्रास आहे. त्यानं तो खोडून काढला नाही. पोटाचा त्रास त्यातल्या त्यात बरा.

एके दिवशी लायब्ररीवाल्या नोरीनबाई ओट्स म्हणाल्या, "लायल, बस."

लायल घाबरला. नोरीनबाई एरवी 'ऊठ, बंद करायचंय' एवढंच म्हणतात.

"फिलिपा डन येणारेय," त्या म्हणाल्या. "वरच्या ऑफिसातून. तुझं कपाट काढणारेत."

"माझं कपाट?"

"अहवालात तसंच आलंय रे. 'किशोर विभाग, वाचक संख्या एक.' आणि तेरा ते अठरा असा जो वयाचा रकाना आहे ना, त्यात मशीननं तुला टाकलंय."

म्हणजे सरकारदरबारी लायल प्रुएट हा वॉरनबिलमधला एकमेव किशोर होता. त्याला खिशातली दोन्ही पेनं एकदम जड झाल्यासारखी वाटली.

"आणि त्या जागी काय येणार?"

"मशीन. पुस्तक आपलं आपण नोंदवायचं आणि जायचं. लोकांना माझ्याशी बोलावं लागणार नाही." नोरीनबाई चष्मा पुसायला लागल्या. खरं सांगायचं तर लायब्ररीत अर्धे लोक त्यांच्याशी बोलायलाच येतात. पुस्तक नेतात ते तोंडदेखलं.

लायलला त्या दिवशी काम सुचलं नाही. फिलिपा डनच्या गाडीच्या डिकीत खोकी, खोक्यांत ती सगळी पोरं, तलवारी, चंद्र, आणि ती गाडी हमरस्त्यानं निघालीय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तुम्हाला हे बालिश वाटेल. त्यालाही वाटलं. पण वाटायचं थांबलं नाही.

"ती येईल तेव्हा कपाट रिकामं दिसलं पाहिजे," नोरीनबाईंनी सांगितलं. "सगळी पुस्तकं बाहेर, वाचकांकडे. वेगवेगळ्या कार्डांवर हं. तुझ्या नाही."

इथून सगळं सुरू झालं.

लायलनं पहिल्यांदा सरळ मार्ग धरला. किशोरांची पुस्तकं किशोरांना द्यायची. वॉरनबिलची मोठी पोरं बसनं दुसऱ्या गावातल्या शाळेत जातात, पण शनिवारी सगळी मैदानावर असतात, फुटबॉल आणि नेटबॉलला. लायल कॅन्टीनच्या खिडकीजवळ पिशवी घेऊन उभा राहिला. एका मुलीनं पुस्तक हातात घेतलं, मागचं वाचलं. तिच्या भुवया वर गेल्या. लायलचा जीव वरखाली झाला.

"तुम्ही वाचलंय हे?" तिनं विचारलं.

"चार वेळा!" लायल म्हणाला.

तिनं पुस्तक गरम तव्यासारखं परत पिशवीत टाकलं. इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या माणसाला जे चार वेळा आवडलंय, त्यात आपल्या कामाचं काय असणार, हे तिचं गणित चुकीचं होतं असं मला तरी म्हणता येणार नाही.

तेवढ्यात नेटबॉलची कोच जॅनेल शिटी गळ्यात घालून आली. "लायल, काय चाललंय?"

"कादंबऱ्या सुचवतोय."

"कुणाला?"

"मुलांना."

"कार्ड आहे?"

"लायब्ररीचं?"

"मुलांच्यात काम करायचं सरकारी कार्ड, लायल. ते नसेल तर पोरांच्या घोळक्यात पिशवी घेऊन उभं राहू नकोस. मला माहितीय तू कोण आहेस ते. पण बघणाऱ्याला काय दिसतंय ते बघ ना जरा."

लायलनं स्वतःकडे बघणाऱ्याच्या नजरेनं बघितलं आणि तडक घरी गेला.

कार्डासाठी पोस्टात फोटो काढावा लागतो. हसायचं नाही असा नियम आहे. लायलला घाबरल्यावर हसू येतं, म्हणून त्यानं ते दाबलं, आणि जो फोटो निघाला तो पाहून पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "बाई गं, मी असती तर दिलं नसतं." कार्ड यायला काही आठवडे लागतील असं कळलं. फिलिपा डन त्याच्या आधी येणार होती.

मग शेजारच्या बेरिल क्रॉमीबाईंनी सल्ला दिला. बेरिलबाईंचा सल्ला मागावा लागत नाही. त्या कुंपणावर कोपर टेकवतात, तेव्हाच तो सुरू झालेला असतो.

"तू लोकांच्या मागं धावतोस तिथंच चुकतंय. मांजराच्या मागं धावलं तर मांजर येतं का? घरासमोर गवतावर टेबल टाक, पुस्तकं मांड आणि आत जाऊन बस. येतील आपोआप."

लायलनं टेबल टाकलं. सोमवारी ऑफिसात त्याच्याच टेबलावर एक तक्रार आली. अमुक रस्ता, अमुक घर, काउन्सिलच्या गवताच्या पट्टीवर विनापरवाना टेबल. असल्या तक्रारींच्या नोटिसा लायलच काढतो. त्यानं पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग, नोकरी ती नोकरी, त्यानं 'प्रिय श्री. प्रुएट' असं लिहून खाली 'आपला विश्वासू, एल. प्रुएट' अशी सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोटीस स्वतःच्या पेटीतून काढून उभ्या उभ्या वाचली. सूर जरा उद्धट वाटला त्याला. पुढच्या नोटिसांत त्यानं तो बदललाय, असं लोक सांगतात.

तक्रार कुणी केली ते तिच्याखाली लिहिलेलंच होतं. बेरिलबाईंनी. "अरे, टेबल म्हणजे एवढं मोठं असेल असं नव्हतं मला वाटलं," त्या म्हणाल्या.

आता उरली मोठी माणसं. आणि इथं लायलला पहिल्यांदा आशा दिसली. दिवस पेरणीचे होते. हल्ली ट्रॅक्टर आपले आपण सरळ रेषेत जातात, वरून उपग्रह चालवतो म्हणे. आत शेतकरी दिवसभर हाताची घडी घालून बसलेला. त्याला करायला काही नाही, फक्त टोकाला गेल्यावर वळायचं. वाचायला याहून बरी जागा देवानं केली नाही.

लायल केव्ह होलिकच्या शेताच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. केव्ह साठीतला, हाताचे पंजे फावड्याएवढे. लायलनं त्याला एक गोष्ट सांगितली. एका बेटावरचं पाणी दर वर्षी एक पायरी वर चढतं आणि एका मुलीला आपल्या आजोबांना घेऊन तिथून निघायचंय, पण आजोबा निघायला तयार नाहीत. केव्हनं ट्रॅक्टर बंद केला.

"मग?" तो म्हणाला.

"मग वाचा की."

केव्हनं पुस्तक हातात घेतलं. कव्हरवर मुलगी, तिच्या केसांत शिंपले, मागं चंद्र. केव्हचा चेहरा पडला. "गोष्ट झकास आहे रे. पण हे कसं ठेवू मी ट्रॅक्टरात? डिझेलवाला येतो, मुलगा येतो. लोक म्हणतील, म्हातारा गेला कामातून."

सगळीकडे हेच झालं. गोष्ट हवी, कव्हर नको. मोठमोठी माणसं, ज्यांनी वणवे विझवलेत, त्यांना शिंपल्यांची भीती वाटत होती. लायल मात्र कुणाला हसला नाही. बाथरूमच्या रांगेत त्यानं स्वतः बरीच वर्षं काढली होती.

हे सगळं तो नेव्होला सांगत होता. नेव्हिल बार्टश, गावचा खाटीक, लायलचा शाळेपासूनचा दोस्त. पहिल्या टीमचा सगळ्यांत धिप्पाड गडी. त्यानं आयुष्यात एकच पुस्तक पूर्ण वाचलं होतं आणि ते सॉसेज भरायच्या मशीनचं होतं.

"एवढंच ना?" नेव्हो म्हणाला आणि त्यानं पांढऱ्या कागदाचा रोल खाली ओढला. "गुंडाळ. आत काय आहे कुणाला दिसतंय? मी गावाला रोज काय काय गुंडाळून देतो, कुणी विचारतं का?"

हे इतकं साधं होतं की लायलला राग आला.

"आणि शुक्रवारी पबमध्ये वाट," नेव्हो म्हणाला. "मटणाच्या सोडतीला सगळं गाव असतं. नोरीनबाईंना घेऊन ये, तिथंच कार्डावर नोंद करतील. लेका, तू उगाच गवतावर टेबलं टाकत बसलास."

शुक्रवारच्या सोडतीबद्दल एवढंच सांगतो की वॉरनबिलमध्ये चर्चला न जाणारी माणसं आहेत, पण सोडतीला न येणारं कुणी नाही. तिकिटं काढायची, बिअर घ्यायची, नंबर लागला की चॉप्स नाहीतर सॉसेज घेऊन घरी जायचं आणि ते तसंच फ्रीझरमध्ये टाकायचं. उघडून कुणी बघत नाही. काय निघेल ते निघेल.

लायल आणि नेव्होनं दुकानातच पुस्तकं गुंडाळली. नेव्होच्या हाताला घडीची सवय, अशी घट्ट आणि चौकोनी पुडकी की बघत राहावं. लायलनं प्रत्येकावर जाड काळ्या पेनानं नाव लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द शिफारशीचे. ज्याला जे शोभेल ते. केव्हच्या पुडक्यावर 'घाई करू नका, हळूहळू चढते'. बेरिलबाईंच्या, 'रात्री उशाशी ठेवा'.

आता पुढची गोष्ट कशी झाली त्यावर गावात दोन पक्ष आहेत, पण मी दोन्हीकडच्यांना विचारलंय. त्या आठवड्यात नेव्होकडे मटणाचे प्लॅस्टिकचे ट्रे आलेच नव्हते. म्हणून त्यानं सोडतीचं मटणही त्याच पांढऱ्या कागदात बांधलं. आणि मग, खाटकाचाच हात तो, पांढरी पुडकी दिसली तशी सगळी एकत्र पबच्या शीतगृहात नेऊन रचली. तिथली ओल लागून काळी शाई पसरली. लायलची नावं, लायलच्या शिफारशी, नेव्होचं 'चॉप्स' आणि 'सॉसेज', सगळ्याचे काळे ढग झाले. काउंटरवरच्या पोरीनं ढगांकडे बघितलं, खांदे उडवले आणि जे हाताला लागेल ते द्यायला सुरुवात केली. पुस्तकवाल्यांना सोडतीच्या ढिगातून, सोडतवाल्यांना पुस्तकांच्या.

लायलला त्या संध्याकाळी यातलं काही कळलं नाही. तो खूश होता. नोरीनबाई टेबल टाकून कार्डं नोंदवत होत्या, लोक पुडकं काखेत मारून 'थँक्स हं, लायल' म्हणत होते, पाठीवर थापा पडत होत्या. तो चिकन पार्मी, म्हणजे चीज घातलेलं तळलेलं चिकन, खात बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हे गाव आपल्याला ओळखतं.

शनिवारी सकाळी कुंपणावर बेरिलबाईंचं कोपर टेकलं.

"लायल, तुझी कादंबरी गळतेय."

"काय?"

"गळतेय. तू उशाशी ठेवा म्हणालास, काल टेबलावर. मी ठेवली. माझी उशी बघ."

लायलनं उशी बघितली. मग पुडकं उघडलं. आत मेंढीचे चॉप्स होते.

तो अजून चॉप्सकडेच बघत होता तेवढ्यात केव्हचा फोन आला. केव्हनं पुडकं ट्रॅक्टरात काचेपाशी ठेवलं होतं. दुपारी टोकाला वळून झालं की निवांत उघडू, म्हणून. ऊन चांगलं पडलं होतं. "मी नावं ठेवत नाही," केव्ह म्हणाला, "पण वास येतोय. हे कुठल्या प्रकारचं साहित्य आहे?"

लायल धावत नोरीनबाईंकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "कागदोपत्री सगळं झकास आहे," त्या म्हणाल्या. "कपाट रिकामं, कार्डं वेगवेगळी. फक्त पुस्तकं गावातल्या फ्रीझरांत आहेत. मंगळवारी फिलिपा येईल. पुस्तकं हरवली असं एकदा लागलं ना लायल, की ती कपाट तर नेईलच, वर म्हणेल, बघा, या गावाला द्यायचीच नसतात."

म्हणून लायल दारोदार निघाला. नंबर कुणाकुणाचे लागले ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. तेव्हा सगळी दारं.

पहिलं दार मर्व्ह लिंडनरचं.

"मर्व्ह, तुमच्या फ्रीझरमध्ये बघू का जरा?"

मर्व्ह दारात आडवा उभा राहिला. "का?"

"कादंबरी शोधतोय."

"फ्रीझरमध्ये."

"हो."

"काउन्सिलनं पाठवलंय?"

"नाही नाही. म्हणजे मी काउन्सिलात आहे, पण..."

दार बंद झालं.

दुपारपर्यंत गावात बातमी फिरली की काउन्सिल फ्रीझर तपासतंय. संध्याकाळपर्यंत त्यावर कर बसणार असं कळलं, आकारानुसार. आता गावातल्या माणसाचा फ्रीझर ही खासगी जागा असते. मर्व्हच्या फ्रीझरमध्ये शेजाऱ्याची मेंढी होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, शेजाऱ्यासकट. पण काउन्सिलला ठाऊक व्हायची काही गरज नव्हती. लायल तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत माणसं पडद्याआडून बघायला लागली होती. एका घरात दिवे मालवले गेले. एका घरातून आवाज आला, "आम्ही शाकाहारी झालोय!"

रविवारी वॉरनबिलवर धूर होता. अंगणाअंगणात बार्बेक्यू पेटला होता. फ्रीझर रिकामे करायचे तर मटण खाऊनच टाकावं लागतं. माणसं घामाघूम होऊन खात होती. मर्व्हनं तर मेंढीच्या धन्यालाच जेवायला बोलावलं. आणि लायल घरात बसून होता, डोकं हातात धरून. त्याला वाटलं, आपण एक कपाट वाचवायला निघालो आणि गावाला अपचन केलं.

सोमवारी त्याचा साहेब ट्रेव्हर टेबलापाशी आला.

"लायल, आपण फ्रीझरवर कर लावतोय का?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"लावत नाही म्हणून."

"तरी सांगायचं." ट्रेव्हरनं टेबलावरच्या कागदावर दोन आकडे मांडले. "कल्पना वाईट नाही पण."

मंगळवारी फिलिपा डन आली. बारीक, करड्या केसांची, पायांत चालायचे बूट. तिनं रिकामं कपाट बघितलं, लॅपटॉप उघडला, कार्डं बघितली. "एका शुक्रवारी?" ती म्हणाली. नोरीनबाईंनी मान खाली घालून नखं बघितली. लायल बाथरूमच्या दाराशी उभा होता, जुन्या सवयीनं.

आणि दार उघडलं. मर्व्ह आला. त्याच्या हातात एक कादंबरी होती, विटेसारखी कडक, आणि ती त्यानं फिलिपाच्या पुढ्यात ठण्णकन ठेवली.

"हे माझ्या बार्बेक्यूवर निघालं. माझे चॉप्स कुठायत?"

त्याच्या मागं अजून एक जण. त्याच्या मागं दोघी. रांग रस्त्यापर्यंत गेली. फ्रीझर रिकामे करता करता सगळ्यांना आपापली पुडकी सापडली होती, आणि लायब्ररी उघडेपर्यंत ती परत फ्रीझरमध्येच गेली होती. कादंबऱ्या टेबलावर पडत होत्या ठण्ण, ठण्ण. एकीवर बर्फ होता. एकीला तेल-मीठ लावून झालेलं होतं.

"हे काय आहे?" फिलिपानं विचारलं.

"किडे," नोरीनबाई म्हणाल्या. "थंडीनं पुस्तकातले किडे मरतात. मोठ्या लायब्रऱ्यांत करतात तसं."

"करतात," फिलिपा म्हणाली. तिनं एक पुस्तक नाकाशी नेलं. "पण मटणाची रोझमेरी लावून नाही करत."

तिनं लॅपटॉप मिटायला घेतला. ती मिटण्याची पद्धत लायलला ओळखीची होती, नोटीस काढण्याआधी तो स्वतः तसंच करतो. आणि मग त्यानं जे केलं ते त्याला अजून आठवलं की पायाची बोटं वळतात. तो बाथरूमच्या दारापासून पुढं आला, सगळ्या रांगेसमोर, आणि म्हणाला, "चूक माझी आहे. लोकांची नाही, नोरीनबाईंची नाही. त्या रकान्यातला किशोर आहे ना, तो मी. ही सगळी पुस्तकं मी वाचलीत. काही चारदा. ती चांगली आहेत हो. गुंडाळायला नको होती, एवढंच."

रांगेत मागं कुणीतरी म्हणालं, "म्हणजे त्याच्या पोटाला काही नाहीये?"

फिलिपानं यादीवर बोट फिरवलं. "यातलं एक अजून आलेलं नाही. केव्ह होलिक यांच्या कार्डावरचं."

तेव्हा नेव्हो आत आला. पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन, डोळे लाल, नाक लाल. त्याच्या हातात शिंपलेवाल्या मुलीची ती कादंबरी होती. शुक्रवारी उरलेलं एक पुडकं सॉसेज समजून तो घरी घेऊन गेला होता.

"लायल." त्यानं पुस्तक पुढं धरलं. "त्या म्हाताऱ्यानं कुत्र्याला बेटावर का ठेवलं?"

"नेव्हो, इथं..."

"बोटीत जागा होती! मी दोनदा वाचलं! पोरगी म्हणतेय जागा आहे म्हणून!"

त्याच्या मागोमाग बेरिलबाई आल्या, हातात गरम जेवणाचं झाकलेलं भांडं. नेव्होनं सकाळी दुकानावर 'दुःखद घटनेमुळे बंद' असा बोर्ड लावला होता, तो वाचून, कुणी गेलं की घरी जेवण न्यायच्या इथल्या रीतीनं, त्या थेट ओव्हनकडे गेल्या होत्या. "कोण गेलं रे, बाळा?" त्या म्हणाल्या.

"कुत्रा," नेव्हो म्हणाला आणि खाली बसला. लहान मुलांची खुर्ची होती ती. तिनं सहन केलं.

फिलिपा त्याच्याकडे बघत होती. "तुम्हाला आवडलं का पुस्तक?"

"आवडलं? बाई, मी रोज मेंढ्या कापतो. मला आयुष्यात कधी काही झालं नाही. काल झोप नाही. अजिबात आवडलं नाही मला." त्यानं ॲप्रननं नाक पुसलं. "दुसरा भाग आहे का?"

"ए, थांब," दारातून केव्ह म्हणाला. तोही वासाची तक्रार घेऊन आला होता. "पहिला माझ्या कार्डावर आहे. आधी मी वाचणार. आणि तू शेवट सांगितलास की रे, गाढवा!"

"शेवट नाहीये तो! शेवट तर अजून..."

"गप्प बस!" रांगेतल्या निम्म्या लोकांनी सांगितलं. मर्व्हनं हळूच टेबलावरची आपली वीट उचलून परत काखेत घातली. एका बाईनं विचारलं की ते बेटवालं कुणाकुणानंतर मिळेल. नोरीनबाईंनी ड्रॉवर उघडला आणि किशोरांच्या कपाटासाठी पहिल्यांदाच, नंबर लावून घ्यायला सुरुवात केली.

फिलिपानं लॅपटॉप पुन्हा उघडला.

"कपाट इथून जाईल," ती म्हणाली. लायलच्या पोटात खरोखरच काहीतरी झालं. "बाथरूमशेजारी पुस्तकं कोण बघणार? ते पबमध्ये जाईल. शुक्रवारी. उघड्यावर, न गुंडाळता. आणि काय वाचावं ते लोकांना सांगायला कुणीतरी लागेल." तिनं अहवाल पुढं ओढला. "'वाचक संख्या एक.' तुम्हीच ना?"

"आणि मशीन?" नोरीनबाईंनी विचारलं.

"मशीन यायचं ते येणारच."

"येऊ दे," नोरीनबाई म्हणाल्या. "मी बोलेन त्याच्याशी."

पुढच्या शुक्रवारी डार्ट्सच्या फळीशेजारी, जुन्या टीमच्या फोटोंखाली कपाट उभं राहिलं. शिंपले, तलवारी, चंद्र, सगळं दिव्याखाली. आणि त्याच्या बाजूला लायल प्रुएट, इस्त्रीच्या शर्टावर लायब्ररीचा बिल्ला लावून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. अब्रू म्हणून जे काही होतं ते त्या संध्याकाळी संपलं. गंमत म्हणजे संपल्यावर त्याला बरं वाटलं. केव्ह बिअर घेऊन आला, शिंपलेवाली मुलगी उघड हातात धरून, आणि डिझेलवाल्यानं विचारलं तर म्हणाला, "तुझा नंबर माझ्यानंतर. रांगेत ये."

सोडत संपून पब जरा रिकामा झाला तेव्हा नेव्हो आला. तो फोटो बघितल्यासारखं करत बराच वेळ उभा राहिला. मग कपाटातून एक जाड कादंबरी काढून त्यानं हळूच विचारलं, "यात कुत्रा आहे?"

"नाही."

"नक्की?"

"कुत्रा नाही."

"घोडा?"

लायल कपाटातली पुस्तकं सरळ करायला लागला.

"लायल."

"आहे. घोडा आहे."

"जगतो?"

"ते मी सांगणार नाही, नेव्हो. तुला सांगितलं तर मग मी इथं उभा कशाला आहे?"

"दोस्त म्हणून विचारतोय लेका." नेव्होनं आजूबाजूला बघितलं. "मी दुकानात एकटा असतो रे. आत मेंढ्या टांगलेल्या असतात. अशा वेळी काही झालं तर माणसानं करायचं काय?"

लायलनं पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, शेवटची काही पानं चाळली, आणि परत दिलं.

"ऐक," तो म्हणाला. "नदी लागली ना, मोठी, पूर आलेली, की तिथं थांब. दुकानाचं शटर ओढ आणि मला फोन कर. ट्रेव्हरला काय सांगायचं ते माझं मी बघीन. मी येईन. तू वाच, मी शेजारी बसेन. बोलणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. पण तुझं वाचून होईपर्यंत उठणार नाही. वचन."